मीराबेन आणि दुसरी सिंदी

आमच्या गांवाच्या नांवापुढें कंसांत रेल्वे हा शब्द लिहिण्याची रीत आहे. परक्या माणसास तिचें नवल वाटतें. परंतु वर्धा जिल्ह्यांत सिंदी हें नांव एकट्या आमच्याच गांवाचें नाहीं. वर्धा शहराच्या शिवेला लागून दुसरी एक सिंदी आहे, तिला आज सिंदी मेघे म्हणतात. गांधीजींच्या वर्ध्यांतील वास्तव्याच्या हकीकतींत सन १९३५ च्या सुमारास जी सिंदी वारंवार येते ती ही दुसरी सिंदी होय. तिचा मान आपल्या गांवाकडे ओढून घेण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु जें आपलें नाहीं तें आपलें म्हणणें ज्युबिलीच्या वर्षीं तरी आम्हांस शोभणार नाहीं. तथापि ज्या परदेशी बाईंनीं त्या सिंदीच्या वाटा झाडल्या त्या आम्हांस अगदींच परक्या नाहींत. वर्धा आणि नागपूर यांच्यामधील लोहमार्ग आमच्या गांवावरून जातो. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या माणसास कापसाचीं तींच शेतें, तीच काळी जमीन आणि उन्हाळ्यांत तींच पिवळीं पडलेलीं माळरानें दिसतात, जीं आपण रोज पाहतों. या बाईंनींही तीं पाहिलीं.

त्यांच्या चरित्रास या पुस्तिकेंत जागा देण्याचें आणखी एक कारण आहे. नागपूरच्या आमच्या धर्मप्रांताचा पाया ज्या फादरांनीं घातला ते सॅव्हॉय प्रांतांतून, आल्प्स पर्वताच्या कुशींतून आलेले होते. त्यांच्या कार्याचे वृत्तांत आपण प्रत्येक समारंभांत ऐकतों. पण या देशाच्या भूमीवर पहिलें पाऊल टाकतांना त्यांस काय दिसलें असेल, पहिल्या चैत्र-वैशाखांतील ऊन त्यांनीं कसें सोसलें असेल, भाषा कळत नसतां शेजाऱ्याशीं पहिलें बोलणें कसें झालें असेल, याचा विचार आपण क्वचित् करतों. मीराबेन ह्या मिशनरी नव्हत्या आणि कॅथलिकही नव्हत्या. परंतु परक्या देशांत सेवेकरितां स्वतःहून येणाऱ्या माणसाच्या मनाची पहिल्या दिवसांतील अवस्था त्यांनीं पुढें आपल्या आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितली, आणि त्या अवस्थेचा अत्यंत कठीण भाग आमच्याच जिल्ह्यांत घडला.

मीराबेन यांचें मूळ नांव मॅडेलिन स्लेड. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंग्लंडांत झाला. वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारांतील अधिकारी होते व पुढें ॲडमिरलच्या पदास चढले. वडील बहुतेक समुद्रावर, त्यामुळें बालपण आजोळच्या घरीं गेलें. तें घर खेड्याच्या बाजूस होतें. घोडे, झाडें आणि मोकळी हवा यांची गोडी त्यांस तेथेंच लागली व ती आयुष्यभर सुटली नाहीं. पंधरा वर्षांच्या असतांना त्यांच्या कानीं बीथोव्हेन या थोर जर्मन संगीतकाराची एक रचना पडली आणि त्या मुलीचें अंतःकरण पार बदलून गेलें. हें वेड साधें नव्हतें. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांत जर्मन नांवाचाही तिटकारा होता, अशा दिवसांत लॅमंड नांवाच्या पियानोवादकाच्या मैफली लंडनमध्यें भरविण्याची खटपट त्यांनीं केली. एखाद्या थोर आत्म्याच्या मागें सर्वस्व विसरून जावें, हा त्यांचा स्वभावच होता. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें घडलेलें पुष्कळसें तिच्यावांचून उमगणार नाहीं.

त्यांचें भारतदर्शन दोनदां झालें, आणि त्यांपैकीं पहिलें झालें नसतें तरी चाललें असतें. वडिलांची नेमणूक ईस्ट इंडीज आरमाराचे मुख्य म्हणून झाली तेव्हां तरुण मॅडेलिन आईवडिलांबरोबर मुंबईस येऊन सुमारें दोन वर्षें राहिल्या. ॲडमिरलच्या कन्येच्या वांट्यास मेजवान्या, नृत्यसमारंभ आणि साहेबलोकांच्या भेटीगांठी आल्या. समुद्र पाहिला, बंगले पाहिले, नोकरचाकर पाहिले. हिंदुस्थान मात्र पाहिला नाहीं. दोन वर्षें एखाद्या देशांत राहूनही तेथील माणूस दृष्टीस न पडणें हें पुष्कळांस अशक्य वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मुंबईंतच काय, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्येंही त्या काळीं असे संसार पुष्कळ झाले.

बीथोव्हेनच्या ओढीनेंच त्या फ्रेंच लेखक रोमां रोलां यांच्याकडे गेल्या. रोलां यांनीं बीथोव्हेनवर लिहिलें होतें, आणि त्यांची एक मोठी कादंबरी अशाच एका संगीतकाराच्या जीवनावर होती. ती मूळांतून वाचतां यावी म्हणून मॅडेलिनबाई फ्रेंच भाषा शिकल्या. स्वित्झर्लंडमधील व्हिलनव्ह या गांवीं दोघांची भेट झाली. बोलतां बोलतां रोलां यांनीं गांधी नांवाच्या हिंदी पुढाऱ्यावर आपण लहानसें पुस्तक लिहिलें असल्याचें सांगितलें, आणि हा पुरुष म्हणजे दुसरा ख्रिस्तच होय असा आपला अभिप्राय दिला. कॅथलिक वाचकांस ही तुलना मान्य होण्याजोगी नाहीं. घडलेली गोष्ट म्हणूनच आम्ही ती येथें नमूद करितों. सन १९२४ मध्यें पुस्तक प्रसिद्ध झालें. बाईंनीं तें पॅरिसमध्यें विकत घेतलें, एका दिवसांत वाचून संपविलें, आणि ग्रंथ मिटतांना आपण कोठें जावयाचें हें त्यांचें ठरलेलें होतें.

त्यांनीं लागलीच जहाजाचें तिकीटही काढलें. पण मग जें केलें त्याबद्दल आम्हांस त्यांचें विशेष कौतुक वाटतें: तें तिकीट त्यांनीं रद्द केलें. आपली तयारी नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. मग एक संपूर्ण वर्ष त्यांनीं स्वतःस घडविण्यांत घालविलें. मांस आणि मद्य सोडलें. जमिनीवर निजण्याची व मांडी घालून बसण्याची संवय केली, जी खुर्चीवर वाढलेल्या शरीरास किती जाचते हें आमच्या येथें आलेल्या कोणत्याही परदेशी पाहुण्यास विचारावें. सूत कांतणें व विणणें शिकल्या. लंडनमध्यें राहणाऱ्या हिंदी लोकांकडून उर्दूचे प्राथमिक धडे घेतले. शरीर कष्टास तयार व्हावें म्हणून स्वित्झर्लंडमधील शेतकऱ्यांबरोबर शेतांत राबल्या. गांधीजींनीं सन १९२४ मध्यें एकवीस दिवसांचें उपोषण केलें. तें सुखरूप पार पडल्यावर बाईंनीं कृतज्ञतेनें वीस पौंड पाठविले. उत्तर आलें, आणि पत्रव्यवहार सुरू झाला. पुढें स्वतः कांतलेल्या लोंकरीचे नमुने पाठवून आश्रमांत येण्याची अनुज्ञा मागितली. अनुज्ञा मिळाली, पण तींत आश्रमाचें जीवन कष्टाचें व हवा त्रासदायक आहे असा स्पष्ट इशाराही होता.

आईवडिलांनीं अडविलें नाहीं. एवढ्या मोठ्या आरमारी अधिकाऱ्याची कन्या साम्राज्याच्या विरोधकाकडे जात असतां त्या घराण्यानें ती गोष्ट ज्या शांतपणें सोसली तिचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. वडील सन १९२८ मध्यें वारले, त्यानंतर मातोश्रीही निवर्तल्या, आणि दोन्ही प्रसंगीं ही कन्या दूर हिंदुस्थानांत होती.

२५ ऑक्टोबर १९२५ रोजीं त्यांनीं मार्सेय बंदर सोडलें, आणि ६ नोव्हेंबरास त्या मुंबईस उतरल्या. हेंच तें बंदर, जेथें पूर्वी ॲडमिरलच्या कन्येचें स्वागत होत असे. आतां अंगावर खादीचा साधा झगा होता, आणि उतरवून घेण्यास दादाभाई नौरोजींच्या कुटुंबांतील मंडळी आली होती. एक दिवस विसांवा घ्या, मुंबई पाहा, असा आग्रह झाला. पण बाईंचें चित्त थाऱ्यावर नव्हतें. त्याच रात्रीं गाडीनें निघून दुसऱ्या दिवशीं, ७ नोव्हेंबरास, त्या अहमदाबादेस पोंचल्या. स्टेशनावर महादेवभाई देसाई व वल्लभभाई पटेल होते. साबरमतीच्या पलीकडे आश्रमाचीं घरें दिसेपर्यंत वाटेंतील शहर, बाजार, माणसें यांतील कांहीं त्यांच्या मनांत शिरलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. गांधीजींच्या खोलींत गेल्यावर त्या गुडघ्यांवर पडल्या. त्यांनीं उठविलें, आणि तूं माझी कन्या होशील अशा अर्थाचें आश्वासन दिलें. थोड्याच दिवसांत मीरा हें नांव मिळालें.

असें हें पहिलें दर्शन. तें एका माणसाचें होतें, देशाचें नव्हे. पुष्कळांच्या बाबतींत असेंच होतें, आणि त्यांत दोष नाहीं; परंतु माणसाच्या मागें त्याचा देश उभा असतो, त्याचे लोक असतात, त्यांची अस्वच्छता, आळस, भांडणें व प्रेमळपणा हें सर्व असतें. तें बाईंस हळूहळू दिसावयाचें होतें.

साबरमतीस आरंभींच शौचकूप स्वच्छ करण्याचें काम वांट्यास आलें. तुलसी मेहेर नांवाच्या नेपाळी आश्रमवासीयांनीं त्यांस कापूस पिंजणें व पेळू वळणें शिकविलें. हें काम उत्तम जमलें. हात कुशल होते. हिंदी मात्र सहज साधली नाहीं. प्रार्थनेच्या वेळीं भोंवती चाललेलीं भजनें त्यांस केवळ सुरांनींच कळत. पुढें सन १९३० मध्यें येरवड्याच्या तुरुंगांत असतांना गांधीजींनीं आश्रमाच्या भजनावलीचें इंग्रजी भाषांतर थोडेंथोडें करून त्यांच्याकरितां पाठविलें, त्यांत आमच्या मराठी संतांचे अभंगही होते. देहूच्या वाण्याचा अभंग एका इंग्रज बाईस कळावा म्हणून एक गुजराथी गृहस्थ पुण्याच्या तुरुंगांत बसून भाषांतर करीत होते, हें चित्र आम्हांस फार आवडतें.

आश्रम म्हणजे सर्व साधुपुरुषांचा मेळा, अशी कांहीं कल्पना करून त्या आल्या असाव्यात. तेथें पाहतात तों नाना स्वभावांचीं माणसें. कोणी खरा त्यागी, कोणी नुसता हट्टी, कोणी आहाराच्या प्रयोगांत गुंतलेला, कोणी शेजाऱ्याच्या व्रतावर नजर ठेवणारा. बाहेरून पाहतांना जो आश्रम दिसतो तो आंतून कुटुंब असतें. आणि कुटुंबांत रुसवेफुगवे यावयाचेच. कॉन्व्हेंटांत किंवा सेमिनरींत नवीन आलेल्यांची पहिल्या वर्षाअखेरची निराशा ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. मीराबेन डगमगल्या नाहींत. त्यांनीं ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें, साडी नेसूं लागल्या आणि केस कापविले. ते गांधीजींनीं स्वतःच्या हातानें कापले.

त्यांची खरी अडचण दुसरीच होती. ज्यांच्याकरितां त्या आल्या त्यांच्याजवळच राहावें ही त्यांची तळमळ, आणि गांधीजींचा आग्रह असा कीं त्यांनीं माझी सेवा न करितां कामाची सेवा करावी. ते त्यांस वारंवार दूर पाठवीत: कधीं हिंदी शिकण्यास उत्तरेकडील आश्रमांत, कधीं खादीच्या कामास बिहारांत. दूर गेल्या कीं त्यांची प्रकृति बिघडे, मन झुरे. परत येण्याची परवानगी मागावी तर पत्रांतून ममतेचा पण कठोर नकार येई. या पत्रांचा पुढें ग्रंथ झाला आहे. पिता कन्येस जितका ओढून घेतो तितकाच दूरही लोटतो, असें तें विलक्षण नातें होतें. कोणी म्हणेल, ही भक्ति नव्हे, आसक्ति होती. आम्ही म्हणतों, दोन्ही होत्या. आणि दोहोंमधील भेद त्यांस स्वतःसही ठाऊक होता, म्हणूनच ती व्यथा इतकी तीव्र होती.

सन १९३१ मध्यें गोलमेज परिषदेच्या वेळीं त्या गांधीजींबरोबर लंडनास गेल्या. सहा वर्षांपूर्वीं सोडलेल्या आपल्या देशांत त्या आतां खादीच्या साडींत परक्याप्रमाणें वावरल्या, आणि पूर्व लंडनच्या गरीब वस्तींत राहिल्या, जी ॲडमिरलच्या कन्येनें पूर्वी क्वचितच पाहिली असेल. परततांना व्हिलनव्हला रोलां यांच्या घरीं मुक्काम झाला. तेथें रोलां यांनीं गांधीजींस बीथोव्हेनचें संगीत पियानोवर वाजवून दाखविलें. ज्या दोन थोर आत्म्यांच्या मागें त्यांचें आयुष्य धांवलें ते असे एका खोलींत भेटले. पुढें रोमला व्हॅटिकनमधील सिस्टाइन प्रार्थनामंदिरांत क्रुसावरील प्रभूच्या मूर्तीपुढें गांधीजी किती तरी वेळ खिळून उभे राहिले, तेव्हांही त्या त्यांच्या परिवारांत होत्या. त्यानंतर कायदेभंगाच्या चळवळींत तुरुंगवास घडला, आणि सन १९३४ मध्यें इंग्लंड व अमेरिकेंत व्याख्यानांचा दौरा झाला.

आणि मग वर्धा.

सन १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, व १९३५ मध्यें गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडींत राहूं लागले. ग्रामसेवा म्हणजे काय हें दाखवावयाचें तर जवळचें गांव घ्यावें, म्हणून मगनवाडीजवळची सिंदी घेतली. सकाळीं बादल्या, झाडू व फावडीं घेऊन मंडळी निघत आणि गांवाच्या वाटेवर लोक जी घाण करून ठेवीत ती उचलून नेत. गांवच्या स्त्रीपुरुषांनीं पुढें येऊन हात लावावा ही अपेक्षा. तसें झालें नाहीं. लोक पाहत, हंसत, कोणी पलीकडेही घाण आहे म्हणून बोट दाखवी, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं पुन्हा तेंच. असे महिने गेले.

ह्या सकाळींचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. मॅडेलिनबाईंनीं पॅरिसमध्यें पुस्तक वाचतांना जो हिंदुस्थान पाहिला तो तपस्व्यांचा होता. मुंबईच्या बंगल्यांतून जो दिसला तो नोकरांचा होता. साबरमतीस एका महापुरुषाभोंवती जमलेल्या निवडक माणसांचा होता. आणि दहा वर्षांनंतर आतां वर्ध्याच्या शिवेवर एक असें गांव समोर आलें, ज्यास त्यांची गरज वाटत नव्हती. सेवकास विरोध सोसवतो. तुरुंग तर अभिमानाचाच होतो. पण आपली सेवा कोणी मागितलेलीच नाहीं, ज्यांच्याकरितां घरदार सोडलें ते आपल्याकडे करमणूक म्हणून पाहतात, हें सोसणें फार कठीण. गांधीजींची समजूत अशी होती कीं हा दोष त्या लोकांचा नव्हे. शेंकडों वर्षें उच्चवर्णीयांनीं या कामास नीच ठरविलें, त्याचें हें फळ आहे, आणि तें निस्तरण्यास वर्षानुवर्षें धीर धरला पाहिजे. मीराबेन मग सिंदींतच राहावयास गेल्या. सकाळीं येऊन घाण उचलून जाणारा माणूस गांवाला कधींच आपला वाटत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

त्यांस येथील बोली कळत नव्हती. जी थोडी हिंदी येत होती ती नागपुरी वळणाच्या मराठींत पाण्यांत मीठ विरावें तशी विरून जाई. वैशाखांतील ऊन, ज्यास आपणही घाबरतों, तें गोऱ्या कातडीवर कसें उतरलें असेल याची कल्पना करावी. पण पशूंशीं बोलण्यास भाषा लागत नाहीं. गाई-बैलांवर व घोड्यांवर त्यांचा आजोळापासूनचा जीव. आमच्या गांवचा तान्हा पोळा, लेंकरांच्या हातीं सजविलेले लांकडी बैल, हें त्यांनीं पाहिलें कीं नाहीं हें सांगण्यास आधार नाहीं. पाहिलें असतें तर बाई मुलांत बसल्या असत्या, एवढें त्यांच्या स्वभावावरून खास म्हणवतें.

गांधीजींच्या मनानें आतां घेतलें कीं आपण स्वतःच खेड्यांत जाऊन राहावें. मीराबेननीं आधीं मी जातें असें म्हणून वर्ध्यापासून सुमारें पांच मैलांवरील सेगांव निवडलें. त्याची मालगुजारी मुख्यतः जमनालाल बजाजांकडे होती. वस्ती सहाशेंच्या आसपास, त्यांत बहुसंख्य लोक ज्यांस त्या काळीं हरिजन म्हणत ते. रस्ता नाहीं, टपाल नाहीं, दवाखाना नाहीं; पावसाळ्यांत काळ्या मातीचा असा चिखल कीं बंडीचें चाक आंसापर्यंत रुतावें. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी मगनवाडीहून पायीं चालत तेथें आले. घर बांधावयाचें तर जवळपास मिळणाऱ्या मालाचें, गांवच्या कारागिरांकडून, आणि शंभर रुपयांच्या आंत, अशी अट होती.

मीराबेननीं स्वतःकरितां जी झोपडी बांधविली तिच्यांत त्यांचा हात दिसतो. मातीच्या भिंती, बांबू, देशी कौलें. भिंतीवर त्यांनीं स्वतः ओल्या मातीनें ताडाचीं झाडें, चरखा आणि ओंकार उठावांत काढले. भोंवतालच्या शेतबांधांवर जें दिसत होतें तेंच भिंतीवर आलें. बीथोव्हेनच्या मागें व्हिएन्नापर्यंत गेलेल्या बाईंस येथें दुसरें वाद्य मिळालें नाहीं, माती मिळाली. पुढें गांधीजींची पहिली जागा माणसांनीं भरून गेली तेव्हां ते या झोपडींत राहावयास आले व मीराबेन दुसरीकडे गेल्या. हीच ती बापू कुटी. देशोदेशींचे लोक ती पाहण्यास येतात; ती कोणी आणि कोणाकरितां बांधली होती हें त्यांतील थोड्यांसच ठाऊक असतें. सेगांव आणि बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव या दोहोंच्या टपालाचा घोंटाळा होऊं लागला, म्हणून सन १९४० मध्यें गांवाचें नांव सेवाग्राम असें झालें. नांवाच्या घोंटाळ्याचें दुःख आम्हां सिंदीकरांस कळण्यासारखें आहे.

पुढील आयुष्य आम्ही थोडक्यांत सांगतों. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं गांधीजींबरोबर मीराबेनही पकडल्या गेल्या. पुण्याच्या आगाखान महालांत १५ ऑगस्टास महादेवभाई गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा. दोन्ही मरणें त्यांनीं जवळून पाहिलीं. मे १९४४ मध्यें सुटका झाल्यावर त्यांनीं आपला मार्ग निराळा केला. हरिद्वाराजवळ किसान आश्रम काढला, मग हृषीकेशजवळ पशुलोक नांवाची गोशाळा. तेथेंच त्यांस ३० जानेवारी १९४८ ची बातमी कळली. त्या दिल्लीस धांवल्या नाहींत. अखेरचें दर्शन घेण्यास गेल्या नाहींत याचें कित्येकांस आश्चर्य वाटलें. ज्यांनीं त्यांस दहादां दूर पाठवून कामावर राहण्यास शिकविलें त्यांच्या शिकवणीस धरूनच तें झालें, असें आम्हांस वाटतें.

हिमालयांत त्यांनीं गुरें राखलीं आणि झाडें पाहिलीं. डोंगरावरील बांज नांवाचा रुंद पानांचा ओक वृक्ष नाहींसा होऊन त्या जागीं चीड पसरत आहे, त्यामुळें पाणी जमिनींत मुरत नाहीं व खालीं महापूर येतात, असें त्यांनीं सन १९५० नंतरच्या आरंभींच्या वर्षांतच लिहून सरकारच्या नजरेस आणिलें. त्या वेळीं त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. अनेक वर्षांनंतर त्याच डोंगरांत झाडांस मिठ्या मारून तीं वांचविण्याची चळवळ झाली, तेव्हां लोकांस या बाईंची आठवण झाली.

जानेवारी १९५९ मध्यें त्या भारत सोडून गेल्या. तेहतीस वर्षांनंतर. कांहींनीं त्यांस बोल लावला: गुरु गेला तशी सेवा सरली, मग ती सेवा कशाची, असा त्यांचा प्रश्न. तो अगदीं खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गुरूच्या मागें अकरा वर्षें त्या गंगेच्या कांठीं, डोंगरांत, काश्मीरांत गुरांमध्यें राबल्या, स्वीकारलेल्या देशाची नवी सत्ता आपला शब्द ऐकत नाहीं हें पाहत राबल्या, हेंही प्रश्न विचारणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें. त्या दिवसांत रोलां यांचें बीथोव्हेनवरील लेखन पुन्हा त्यांच्या हातीं आलें, आणि तरुणपणींचा तो नाद पुन्हा जागा झाला. थोडे दिवस इंग्लंडांत काढून त्या ऑस्ट्रियांत व्हिएन्नाजवळ गेल्या. ज्या रानांतून बीथोव्हेन हिंडत असे त्याच भागांत एका जुन्या सेवकासह साधेपणानें राहिल्या. आत्मचरित्र सन १९६० मध्यें प्रसिद्ध झालें. पुढें भारत सरकारनें त्यांस पद्मविभूषण ही पदवी दिली.

२० जुलै १९८२ रोजीं, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं, ऑस्ट्रियांतच त्यांचें देहावसान झालें. गांधीजींवरील ज्या मोठ्या इंग्रजी चित्रपटांत त्यांची भूमिका आहे तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दिल्लीस प्रथम दाखविला गेला. त्यांत मीराबेन आहेत, साबरमती आहे, समुद्र आहे. वर्ध्याच्या शिवेवरील ती सिंदी त्यांत नाहीं.